दोन नद्यांच्या संगमावरील ख्रिस्तसभा



येत्या २८ जूनला पवित्र ख्रिस्तसभा संत इरेनियस यांचा स्मरणदिन पाळते. आपल्या धर्मग्रामात हा दिवस गुपचूप येतो आणि गुपचूप जातो. पाऊस सुरू झालेला असतो, सकाळच्या मिस्साला नेहमीचीच मंडळी असतात आणि दुसऱ्या दिवशी संत पेत्र व संत पौल यांचा सोहळा असल्याने सर्वांचे लक्ष तिकडे लागलेले असते. २१ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत इरेनियस यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले आणि 'ऐक्याचे आचार्य' असे त्यांना संबोधले. तरीही हे संत कोण, कुठले, असे कुणी विचारले तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. आम्हीही फारसे काही सांगू शकलो नसतो. म्हणून यंदा आम्ही त्यांच्या गावाची माहिती काढायला बसलो. गावाची माहिती काढता काढता संत इरेनियस बाजूला राहिले आणि दुसरीच माणसे समोर येऊन उभी राहिली. त्या माणसांविषयी आज लिहायचे आहे.

गावाचे नाव लुग्दुनुम. आजचे फ्रान्समधील लियॉन शहर. ख्रिस्तपूर्व ४३ साली प्लांकुस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने एका टेकडीवर ही वसाहत स्थापन केली. टेकडीच्या पायथ्याशी सोन नदी वाहते आणि थोडे खाली जाऊन ती ऱ्होन नदीला मिळते. ऱ्होन आल्प्स पर्वतातून खळाळत येते. सोन मात्र इतकी संथ की ती कोणत्या दिशेला वाहते हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, असे ज्युलियस सीझरने लिहून ठेवले आहे. खाली भूमध्य समुद्राकडून तेल, द्राक्षारस आणि मातीची भांडी होड्यांत भरून ऱ्होनमधून वर येत. इथे माल उतरे, वखारीत पडे, पुन्हा होडीत चढे आणि सोनमधून उत्तरेकडे, ऱ्हाईन नदीवरच्या सैन्यापर्यंत जाई. सारे गाव या दोन नद्यांवर जगत होते. नावाड्यांचा मोठा संघ होता आणि त्याला एवढा मान की दूरच्या नीम शहरातील प्रेक्षागारात त्यांच्यासाठी ४० जागा राखून ठेवलेल्या होत्या. द्राक्षारसाच्या व्यापाऱ्यांचा संघ वेगळा. टेकडीवर दहा हजार माणसे बसतील असे नाट्यगृह होते. पिण्याचे पाणी चार कालव्यांनी आणलेले होते, त्यातला सर्वांत लांब कालवा सुमारे ८५ किलोमीटरचा.

या गावात देव किती होते? मोजायला बसलो तर हे पत्रक पुरणार नाही. पण आम्हाला देवांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागा महत्त्वाच्या वाटल्या. आपण देव म्हटले की देऊळ डोळ्यांसमोर आणतो. लुग्दुनुममध्ये देव देवळात होते तसे दुकानात, खाणावळीत, घाटावर, संघाच्या जेवणावळीत सगळीकडे होते. सेप्तुमानुस नावाच्या एका खाणावळवाल्याची पाटी तिथे सापडली आहे. तो गिऱ्हाइकाला सांगतो की इथे मर्क्युरी देव नफ्याची हमी देतो, अपोलो आरोग्याची, आणि मी स्वतः जेवणासह मुक्कामाची. शेवटी तो पाहुण्याला, राहायचे कुठे ते नीट बघून ठरव, असा सल्लाही देतो. ही पाटी वाचून आम्हाला हसू आले. त्या माणसाच्या मनात धर्म आणि धंदा या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्याच. फ्लेगोन नावाच्या एका वैद्याने तीन माउली देवतांची मूर्ती करवून घेतली होती. या देवता त्या भागातल्या लोकांच्या जुन्या देवता, मांडीवर फळे घेऊन बसलेल्या. रोमन राज्य आले तेव्हा त्यांच्या नावापुढे सम्राटाचे 'ऑगस्ट' हे बिरुद लागले आणि त्या नव्या काळातही सुखाने नांदल्या.

आणखी एक देवी फार दुरून आली होती. फ्रुगियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून. तिचे नाव किबेले, देवांची महामाता. इ.स. १६० मधील एक वेदी त्या टेकडीवर १७०४ साली सापडली. वेदीवर बैलाचे डोके कोरलेले आहे. लुसियस एमिलियस कार्पुस नावाच्या माणसाने सम्राट अँटोनायनस पायस याच्या आरोग्यासाठी आणि गावाच्या भरभराटीसाठी महामातेला बैलाचा बळी दिला, असे तिच्यावर लिहिले आहे. बळीच्या बैलाचे अवयव त्याने 'वातिकानुम' येथून आणले, असेही त्यावर आहे. रोममधल्या व्हॅटिकन टेकडीजवळ या देवीचे ठाणे होते, तेच हे, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या टेकडीच्या उतारावर संत पेत्र यांना पुरले, तिच्या जवळच! देवीच्या भक्तांना बैलाच्या रक्ताने न्हाऊ घालत, असे वर्णन पुष्कळ पुस्तकांत असते. ते दोनशेहून अधिक वर्षांनंतरच्या एका ख्रिस्ती कवीचे आहे आणि हल्लीचे अभ्यासक त्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. दुसऱ्याच्या धर्माविषयी आपण ऐकलेले सगळे खरे धरू नये, हे त्या कवीलाही लागू आहे आणि आम्हालाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचाच उलटा प्रकार येणार आहे.

या साऱ्या देवांच्या वर एक वेदी होती. संगमाजवळच्या दुसऱ्या टेकडीच्या उतारावर रोम आणि सम्राट ऑगस्टस यांची वेदी ख्रिस्तपूर्व १२ च्या सुमारास बांधली गेली. तिच्यावर गॉल देशातील साठ जमातींची नावे कोरली होती. दरवर्षी १ ऑगस्टला त्या सर्व जमातींचे पुढारी तिथे जमत, आपल्यातून एक पुजारी निवडत, सम्राटासाठी बळी अर्पण करत. मेळा भरे, बाजार भरे, खेळ होत. इ.स. १९ मध्ये एका पुजाऱ्याने वेदीजवळ लंबगोल प्रेक्षागार बांधून दिले. त्याचा शिलालेख १९५८ मध्ये सापडला आहे. सुट्टी, जत्रा, राजनिष्ठा आणि उपासना एका दिवसात, एका जागी. त्या दिवशी घरी बसून राहणारा माणस शेजाऱ्यांच्या नजरेत येणारच.

आता इथे एक थांबा घेऊ. अशी वर्णने वाचली की आपल्या मनात एक चित्र तयार होते: ते मूर्तिपूजक क्रूर आणि अडाणी, आपले ख्रिस्ती तेवढे शुद्ध. हे चित्र खरे नाही. लुग्दुनुममध्ये शेकडो थडग्यांवरचे लेख सापडले आहेत. ते वाचताना गळा दाटून येतो. नवरा बायकोसाठी लिहितो की आमचा संसार इतकी वर्षे झाला, त्यात कधी तंटा झाला नाही. आईबाप लहान लेकराचे वय वर्षे, महिने आणि दिवस मोजून लिहितात. दगडावर सुताराच्या वाकसासारखे एक हत्यार कोरलेले असते. थाईम नावाचा सिरियाचा एक व्यापारी इतक्या दूर येऊन मेला, तर त्याच्या थडग्यावर ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत लिहिले आहे. एका श्रीमंत दात्याने गावाला पैसे वाटले त्याचा हिशेबही दगडावर आहे: नगरसभेच्या सभासदांना प्रत्येकी ५ दिनार, द्राक्षारसाचे व्यापारी वगैरे बड्या मंडळींना ३, इतर संघांच्या सभासदांना २. मानपान, पंगत, कुणाला किती मिळाले याची नोंद. हे आपल्याला अनोळखी नाही! इ.स. ६४ मध्ये रोम शहर जळाले तेव्हा या गावाने चाळीस लाख सेस्टर्स मदत पाठवली होती. लुग्दुनुमलाही आग लागली तेव्हा सम्राट नीरोने तेवढीच रक्कम परत दिली. माणसे चांगली होती. संसारी होती, उदार होती. इ.स. १७७ मध्ये प्रेक्षागारात बसून ओरडणारी माणसे हीच होती. आम्हाला या गोष्टीने जितके अस्वस्थ केले तितके सिंहांनी आणि अस्वलांनी केले नाही.

ख्रिस्ती लोक या गावात कसे आले? ज्या वाटेने किबेले आली त्याच वाटेने. आशिया आणि फ्रुगिया या प्रांतांतून येणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर, त्याच होड्यांतून. त्यांची भाषा मुख्यतः ग्रीक. बिशप पोथिनस नव्वदीच्या पुढचे. आत्तालुस पर्गमचा, रोमन नागरिक, सभेचा आधारस्तंभ. अलेक्झांडर फ्रुगियाचा, व्यवसायाने वैद्य. फ्लेगोन वैद्याची आणि या वैद्याची कधी गाठ पडली असेल का, असा विचार मनात येतो. पण दोघांचा काळ एक होता की नाही हेसुद्धा सांगता येणार नाही. सांक्तुस हा शेजारच्या व्हिएन गावचा डीकन. हे गाव दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर, ऱ्होनच्याच काठी. पोंतिकुस पंधरा वर्षांचा मुलगा. आणि ब्लांदिना, एक गुलाम स्त्री. तिची मालकीणही ख्रिस्ती होती. मालकीण आणि दासी एकाच परमप्रसादाला येत होत्या, हे त्या गावात किती विचित्र दिसले असेल!

त्यांचे रोजचे जगणे सोपे नसणार. संघाच्या पंगतीत आधी देवाला नैवेद्य. जावे की न जावे? बाजारातले मांस कुठल्या वेदीवरून आले? १ ऑगस्टला कुठे असावे? संत पौलाने करिंथच्या मंडळीला याच प्रश्नांवर किती समजावून सांगितले आहे हे आपण मिस्साच्या वाचनात ऐकतो. असे प्रश्न एका दिवसात सुटत नाहीत, ते दररोज पुन्हा उभे राहतात. इथे आम्हाला एक स्पष्ट सांगायचे आहे. ही कथा आपल्या शेजाऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवण्यासाठी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात त्यांच्यातील जे खरे आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करत नाही, असे शिकवले आहे. लुग्दुनुमचे ख्रिस्ती शेजाऱ्यांशी भांडायला गेले नव्हते. देवमूर्तींची शपथ घ्या, अशी सक्ती झाली तेव्हा ते नाही म्हणाले, एवढेच.

पुढे काय झाले ते आपल्याला एका पत्रावरून कळते. वाचलेल्या ख्रिस्ती लोकांनी आशिया आणि फ्रुगियातील आपल्या बांधवांना ते लिहिले आणि इतिहासकार बिशप युसेबियस यांनी ते आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात जपून ठेवले. छळाची सुरुवात तलवारीने झाली नाही. आधी ख्रिस्ती लोकांना घरांतून मज्जाव झाला. मग सार्वजनिक स्नानगृहांतून, मग बाजारचौकातून. शेवटी त्यांनी कुठेच दिसू नये असे झाले. ज्या गावात माणसे रोज स्नानगृहात भेटतात, बोलतात, सौदे ठरवतात, तिथे हे म्हणजे जिवंतपणी मरणच. मग दगड, मारहाण, मग चौकात जमावासमोर चौकशी, मग तुरुंग.

आणि अफवा. ख्रिस्ती लोक गुपचूप जमून बाळे खातात, आपसांत भ्रष्टाचार करतात, अशी बोलवा आधीपासून होती. आता काही ख्रिस्ती मालकांच्या बिगर-ख्रिस्ती गुलामांना धरले गेले. आपल्यालाही हालहाल करतील या भीतीने, आणि शिपायांच्या चिथावणीने, त्यांनी तसेच कबूल केले. ते बोलणे गावभर पसरले आणि मग जे आप्त आतापर्यंत थोडे सौम्य होते तेही चवताळून उठले. बंधुभगिनींनो, आपण कुणाविषयी ऐकलेले ओट्यावर बसून पुढे सांगतो, किंवा हल्ली मोबाईलवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलतो, तेव्हा आपला हात कुठे लागतो याचा विचार करत नाही. त्या प्रेक्षागारातल्या बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटत होते की आपण बाळे खाणाऱ्यांना शिक्षा देत आहोत.

वृद्ध पोथिनस यांना सुभेदारापुढे उभे केले. त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. जवळच्यांनी लाथाबुक्क्या मारल्या, लांबच्यांनी हाताला लागेल ते फेकले, आणि तसे न करणे म्हणजे देवांचा अपमान असे प्रत्येकाला वाटत होते, असे पत्रात लिहिले आहे. दोन दिवसांनी ते तुरुंगात वारले. सांक्तुसला नाव, गाव, तू गुलाम की स्वतंत्र, काहीही विचारले तरी तो लॅटिनमध्ये एकच उत्तर देई: मी ख्रिस्ती आहे. ब्लांदिनाविषयी सगळ्यांनाच धास्ती होती. तिचे शरीर नाजूक. आपल्या विश्वासाची कबुली तिला जमणार नाही, या भीतीने तिची मालकीण स्वतः बेड्यांत असूनही तिच्यासाठी झुरत होती. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाळीपाळीने छळणारे दमले, ती दमली नाही. आम्ही काही वाईट करत नाही, एवढेच ती म्हणत राहिली.

हे सारे आपण संतचरित्रांत वाचतो आणि वाचलेही पाहिजे. पण आम्ही ज्या माणसांविषयी सुरुवातीला म्हणालो ती वेगळी. पहिल्याच चौकशीत सुमारे दहा जणांनी ख्रिस्त नाकारला. दहा! लहानशा मंडळीत हा आकडा मोठा आहे. पत्र लिहिणाऱ्यांनी तो लपवला नाही. त्या दिवशी आपल्याला झालेले दुःख छळाच्या भीतीपेक्षा मोठे होते, असे ते लिहितात. पुढे कोण पडेल या काळजीने बाकीचे बावरले होते.

आणि गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही पण, नाकारूनही त्या दहांची सुटका झाली नाही. त्यांनाही त्याच तुरुंगात टाकले. जे टिकून राहिले त्यांच्यावर आरोप फक्त ख्रिस्ती असल्याचा. आणि ज्यांनी नाकारले त्यांना मात्र बाळे खाणारे खुनी म्हणून डांबले. ख्रिस्तही गेला आणि सुटकाही गेली. दोन्ही गटांना बाहेर नेत तेव्हा चेहऱ्यांवरून फरक कळे. एकांच्या बेड्या नवरीच्या दागिन्यांसारख्या दिसत, दुसरे मान खाली घालून चालत. विधर्मी लोकसुद्धा त्यांना भित्रे म्हणून हिणवत.

आता विचार करा, त्या अंधाऱ्या कोठडीत काय होऊ शकले असते. एका बाजूला हाल सोसलेले, भाजलेले, हाडे मोडलेली माणसे. दुसऱ्या बाजूला ज्यांनी एका शब्दात सगळे सोडून दिले ती. हाल सोसलेल्यांना पाठ फिरवायचा हक्क होता असे आपण म्हणालो असतो. आपल्या घराण्यांत याहून किती लहान कारणांवरून वीस-वीस वर्षे बोलणे बंद असते! पण पत्र सांगते की त्यांनी पडलेल्यांपुढे मोठेपणा मिरवला नाही. आपल्याजवळ जे भरपूर होते ते त्यांनी, ज्यांच्याजवळ नव्हते त्यांना दिले. आईच्या मायेने त्यांच्यासाठी पित्यापुढे रडले. आपल्याला रक्तसाक्षी म्हणू नका, ते नाव ख्रिस्ताचे, असे त्यांनी बजावले. छळ करणाऱ्यांसाठी त्यांनी संत स्तेफनाप्रमाणे प्रार्थना केली आणि कुणावरही आरोप ठेवला नाही. त्या कोठडीतला एक छोटा प्रसंग आम्हाला फार आवडला. अल्किबियाडीस नावाचा एक जण आयुष्यभर कडक उपवासी, भाकरी आणि पाणी एवढेच घेणारा. तुरुंगातही त्याने तेच चालवले. आत्तालुसला प्रकट झाले की देवाने निर्माण केलेले अन्न नाकारून हा दुसऱ्यांपुढे अडखळण उभी करतो आहे. अल्किबियाडीसने ऐकले आणि मिळेल ते देवाचे आभार मानून सर्वांबरोबर खाऊ लागला. मरण दारात उभे असताना या मंडळीला एकमेकांच्या जेवणाची काळजी होती!

सम्राट मार्कस ऑरेलियस याचे उत्तर आले: जे नाकारतील त्यांना सोडा, जे कबूल करतील त्यांना ठार करा. मेळा भरला होता, सर्व जमातींचे लोक आले होते. तो १ ऑगस्टचाच मेळा असावा असे अभ्यासक म्हणतात. सुभेदाराने पुन्हा चौकशी मांडली. पहिल्यांदा नाकारलेल्यांना वेगळे उभे केले, कारण त्यांना सोडूनच द्यायचे होते. एक शब्द आणि घर. वैद्य अलेक्झांडर न्यायासनाजवळ उभा होता. तो त्यांच्याकडे बघून खुणा करू लागला, कबूल करा, कबूल करा. पाहणाऱ्यांना तो प्रसूतीच्या वेणा सोसणाऱ्या बाईसारखा दिसला, असे पत्र म्हणते. आणि त्यांनी कबूल केले. सर्वांनी नाही, पण बहुतेकांनी. सुटका हातात असताना. जमाव अलेक्झांडरवर खवळला, सुभेदाराने त्याला विचारले, त्याने मी ख्रिस्ती म्हटले आणि दुसऱ्या दिवशी आत्तालुसबरोबर तो श्वापदांपुढे गेला. हाल सोसत असताना तो एक शब्दही बोलला नाही. मनातल्या मनात देवाशी बोलत होता.

अगदी शेवटी ब्लांदिना आणि पोंतिकुस. सुरुवातीच्या दिवशी तिला खांबाला क्रुसावरच्यासारखे टांगले होते आणि तिच्याकडे पाहून बाकीच्यांना आपला क्रुसावरचा प्रभू दिसला. श्वापदांनी तिला त्या दिवशी स्पर्श केला नाही. नंतर दररोज तिला आणि पोंतिकुसला इतरांचे मरण पाहायला आणत. मुलगा आधी गेला. तिने बहिणीसारखा त्याला धीर दिला. मग तिला जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकले. बायकांत एवढे सोसलेली बाई आपण पाहिली नाही, असे ओरडणारेच म्हणाले. सहा दिवस प्रेते उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली, म्हणजे पुनरुत्थानाची आशाही उरू नये. ज्या नदीने त्यांना गावात आणले, त्याच नदीत. प्रेक्षागाराच्या अवशेषांत आज मध्यभागी एक साधा खांब उभा आहे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे इतर ख्रिस्ती पंथीयांसह प्रार्थनेसाठी गेले होते.

संत इरेनियस या सगळ्यात कुठे होते? ते तेव्हा याच मंडळीत धर्मगुरू होते. तुरुंगातल्या कबुलीदारांनी रोमचे बिशप एल्युथेरस यांच्याकडे पाठवलेले पत्र घेऊन ते रोमला गेले. परत येऊन ते पोथिनस यांच्या जागी बिशप झाले. लहानपणी त्यांनी स्मुर्ना येथे संत पॉलिकार्प यांचे बोल ऐकले होते. आता त्यांच्या वाट्याला एक घायाळ मंडळी आली. छळ ओसरल्यावर नवे दुखणे आले. मार्कुस नावाच्या एका भोंदूचे चेले ऱ्होनच्या काठाने फिरत होते. मार्कुस स्वतः प्याल्यातल्या द्राक्षारसाचा रंग बदलून दाखवी, स्त्रियांना तुम्ही संदेष्ट्या झालात असे सांगे आणि चेलेही त्याच वाटेने गेले. इरेनियस लिहितात की फसलेल्यांपैकी काही जणींनी उघडपणे चूक कबूल केली आणि त्या परत आल्या. काहींना तेवढी लाज वाटली की त्या गप्पच राहिल्या, देवाच्या जीवनाची आशा सोडून. काही अगदी निघून गेल्या आणि काही ना आत ना बाहेर. ओळखीची वाटते ना ही यादी? इरेनियस यांनी पाच भागांचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात भोंदूंची मुळीच गय केली नाही, आणि फसलेल्यांना मात्र आजारी माणसाप्रमाणे वागवले. पुढे ईस्टरच्या तारखेवरून रोमचे बिशप व्हिक्टर यांनी आशियातील मंडळ्यांना तोडायचे ठरवले, तेव्हा त्यांना पत्र लिहून, असे करू नका, म्हणणाऱ्यांत हेच होते. त्यांच्या नावाचा अर्थच शांतीचा माणूस.

लियॉनच्या एनेच्या जुन्या चर्चमध्ये चार जाड दगडी खांब आहेत. सम्राटाच्या वेदीजवळचे दोन खांब मधोमध कापून ते केले, असे मानले जाते.

२८ तारखेच्या मिस्सात आपण संत इरेनियस यांच्याबरोबर त्या दहा जणांचीही आठवण करणार आहोत. ज्यांच्या घरातले कुणी देवळापासून दुरावले असेल त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे आणि त्यांची नावे मनात घेऊन यावे. मोठ्याने सांगायची गरज नाही. त्या पत्रातही तसेच आहे. रक्तसाक्ष्यांची नावे त्यात ठळक आहेत, पण पडलेल्या दहांपैकी कुणाचे नाव लिहिलेले नाही. एकीचेच आहे. बिब्लिस तिचे नाव. तिने नाकारले होते, आणि आता इतरांविषयी खोटे बोलावे म्हणून तिला पुन्हा यंत्राला बांधले. ती गाढ झोपेतून उठावी तशी भानावर आली आणि म्हणाली की जे लोक जनावराचे रक्तसुद्धा खाणे निषिद्ध मानतात ते लेकरे कशी खातील? मग ती म्हणाली, मी ख्रिस्ती आहे.